काळी फुफ्फुसं आणि पांढऱ्या टोप्या

जानेवारी २०२१ मध्ये नवी मुंबईत, खारघरला रस्त्याच्या कडेला एक मोठा फलक उभा राहिला. त्यावर ना बिल्डरची जाहिरात होती, ना नेत्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा. होती ती फक्त माणसाहून मोठी, पांढरीशुभ्र फुफ्फुसांची जोडी. 'वातावरण फाउंडेशन' या संस्थेने ती लावली होती. जवळच तळोजा औद्योगिक वसाहत. पहाटे फिरायला जाणारे लोक वासाच्या आणि धुराच्या तक्रारी आधीपासूनच करत होते. साधारण दहा दिवसांत ती पांढरी फुफ्फुसं काळवंडली आणि खारघरचे लोक त्यांच्यासमोर उभे राहून फोटो काढू लागले.

कल्पना मुळात खारघरची नाही, आमच्या बंगळुरूच्या बाजूची आहे. 'झटका' नावाच्या मोहीम चालवणाऱ्या संस्थेने २०१८ मध्ये हा 'श्वास घेणारा फलक' आधी बंगळुरूत लावला. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला, म्हणजे दिवाळीच्या तोंडावर, दिल्लीच्या सर गंगाराम हॉस्पिटलच्या आवारात लावला. तिथे सहा दिवसांत फुफ्फुसं काळी झाली. जानेवारी २०१९ मध्ये लखनौत तर एका दिवसात रंग बदलल्याच्या बातम्या आल्या. पुढे पुण्यात 'परिसर' संस्थेने जंगली महाराज रस्त्यावर आणि चंद्रपुरात 'इको-प्रो'च्या पोरांनी भर गांधी चौकात अशीच फुफ्फुसं उभी केली. चंद्रपूर म्हणजे औष्णिक वीज केंद्र, कोळशाच्या खाणी, सिमेंट. तिथल्या लोकांना हवा खराब आहे हे कुणी सांगायची गरज नव्हती. तरी चौकातली फुफ्फुसं बघायला गर्दी झाली.

माझं शिक्षण बीई, नोकरी सॉफ्टवेअरची. त्यामुळे असं काही दिसलं की पहिला प्रश्न पडतो तो आतून हे चालतं कसं. यात अवघड काही नाही. फुफ्फुसाच्या आकाराच्या चौकटीवर हेपा फिल्टरचं पांढरं कापड ताणून बसवलेलं असतं. हेपा म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये किंवा आपल्या घरातल्या एअर प्युरिफायरमध्ये असतो तोच प्रकार. ०.३ मायक्रॉनचे कणही तो ९९.९७ टक्के अडवतो. मागे पंखे लावलेले असतात. ते बाहेरची हवा कापडातून आत खेचतात, हवा निघून जाते, घाण कापडावर राहते.

दुसरा प्रश्न अर्थातच असा की याला मोजमाप म्हणायचं का? माझ्या मते नाही. पंखा किती जोराने हवा ओढतो, कापड किती मोठं आहे, शेजारून डिझेलचे ट्रक जातात की रिक्षा, मध्ये पाऊस पडला का, या सगळ्यावर रंग अवलंबून. दिल्लीचे सहा दिवस आणि खारघरचे दहा दिवस शेजारी ठेवून दिल्ली इतक्या पट वाईट असं गणित मांडायला गेलात तर ते चुकेल. शिवाय खरी फुफ्फुसं म्हणजे कापड नव्हे. नाकातले केस, श्वासनलिकेतला चिकट स्राव, खोकला यातून शरीर बरीच धूळ बाहेर टाकत असतं. आत खोलवर जाऊन बसतो तो २.५ मायक्रॉनहून बारीक कण, ज्याला पीएम २.५ म्हणतात. आपल्या केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन धरली तर हा कण त्याच्या जवळपास तिसाव्या हिश्शाचा. तो डोळ्यांना सुटा दिसतच नाही. कापडावर जे काळं दिसतं त्यात तोही असतो आणि त्याहून जाड धूळही असते.

मग या फलकाचा उपयोग काय? ऑफिसमध्ये एका मित्राशी यावर माझा बराच वाद झाला. तो म्हणाला, ही नौटंकी आहे, त्यापेक्षा चांगलं यंत्र बसवा. मला ते पटत नाही. यंत्रं आहेत की. भारताच्या मानकानुसार पीएम २.५ ची वर्षभराची सरासरी एका घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅमच्या आत हवी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये आपली मर्यादा १० वरून ५ वर आणली. हे दोन आकडे तुमच्यापैकी किती जणांच्या घरात कधी बोलले गेलेत? पण काळ्या फुफ्फुसासमोर उभी राहिलेली आई पोराला हाताला धरून लांब नेते. आकडा ॲपमध्ये एकट्याला दिसतो. फलक चौकात सगळ्यांना एकदम दिसतो, आणि चौकात उभं राहिलं की माणसं एकमेकांशी बोलतात.

हे काम जगात इतरांनीही केलंय. चीनमध्ये 'ब्रदर नट' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कलाकाराने २०१५ मध्ये बीजिंगच्या रस्त्यांवरून शंभर दिवस मोठा व्हॅक्यूम क्लीनर फिरवला. गोळा झालेली धूळ मातीत मिसळून त्याने एक वीट भाजून घेतली. बस्स, एक वीट! मायकेल पिन्स्की या ब्रिटिश कलाकाराने २०१७ मध्ये नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमला पाच पारदर्शक घुमट एकमेकांना जोडून उभे केले. एकात नॉर्वेतल्याच एका बेटाची स्वच्छ हवा, बाकीच्यांत लंडन, नवी दिल्ली, साओ पावलो आणि बीजिंगची हवा, म्हणजे तशी बनवलेली. माणूस एका टोकाने आत शिरून पाचही शहरं नाकाने फिरून येतो. आणि आपल्या बंगळुरूतल्या 'ग्रॅविकी लॅब्ज'ने धुराड्यातल्या काजळीपासून शाईच तयार केली, 'एअर-इंक' नावाची. अनिरुद्ध शर्मा हा त्यामागचा माणूस. त्या शाईने हाँगकाँगच्या भिंतींवर चित्रं रंगली. मला यातली वीट सगळ्यात आवडते. तिच्याबद्दल वाद घालायला जागाच नाही. हातात घ्या आणि वजन बघा.

आता गावाकडे येतो. बोरगाव निपाणी तालुक्यातलं, जिल्हा बेळगाव. दूधगंगेचं पाणी, काळी जमीन, नजर जाईल तिकडे ऊस, आणि थोड्या अंतरावर महाराष्ट्राची हद्द. आमच्या भागातला माणूस कापड घ्यायला इचलकरंजीला जातो, दवाखान्याला कोल्हापूर नाहीतर मिरजेला, आणि सातबाऱ्याला (आमच्याकडे त्याला 'उतारा' म्हणतात) कर्नाटकातल्या कचेरीत. बंगळुरूत आल्यावर मी वर्षानुवर्षं लोकांना सांगत आलोय की आमच्याकडची हवा एकदम फर्स्टक्लास. मंडळात गावाचा विषय निघाला की सगळेच असं सांगतात. कुणी सांगलीचं, कुणी चिकोडीचं, कुणी गडहिंग्लजचं. प्रत्येकाच्या गावची हवा शुद्ध!

केंद्र सरकारने जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. हवेचं मानक सतत ओलांडणाऱ्या शहरांची यादी त्यात आहे. त्या यादीत कोल्हापूर आहे, सांगली आहे. कर्नाटकातून बंगळुरू, हुबळी-धारवाड, दावणगेरे आणि गुलबर्गा आहे. बेळगाव नाही. म्हणजे कागदावर हद्दीच्या पलीकडे प्रदूषण, अलीकडे नाही. सीमाप्रश्नावर आपण साठ-सत्तर वर्षं भांडतोय, पण धुराने तो केव्हाच निकाली काढलाय. शिवाय ही सगळी शहरांची यादी. गावाला त्यात जागाच नाही. मोबाइलच्या ॲपमध्ये बोरगाव टाकलं की ते लांबच्या कुठल्यातरी केंद्राचा आकडा आणून दाखवतं.

आणि गळीत हंगामात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, आमच्याकडे दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या शर्टावर काळे तुसासारखे तुकडे येऊन पडतात. फुंकर मारली तर उडतात, हात लावला तर पसरतात. ती उसाच्या पाल्याची काजळी. कुणीतरी फड पेटवलेला असतो. हिवाळ्यात जमिनीलगतची हवा थंड आणि वरची गरम असा उलटा थर बसतो, त्यामुळे संध्याकाळचा धूर वर जात नाही, गावावरच झाकण घातल्यासारखा पसरतो आणि सकाळी ऊन वर येईपर्यंत तिथेच राहतो. लहानपणी आम्ही त्याला धुकं म्हणायचो. त्या दिवसांत शाळेत जाताना नाकात भाजलेल्या कणसासारखा वास असायचा. खरं सांगायचं तर तो वास मला अजूनही आवडतो.

पण धूळ आणि श्वास यांचा आमच्या भागातला जुना हिशेब उसाचा नाही, तंबाखूचा आहे. निपाणी म्हटलं की तुम्हाला १९८१ चं तंबाखू आंदोलन आठवेल, निदान तुमच्या आई-वडिलांना आठवेल. शरद जोशींच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकरी पुणे-बंगळूर रस्त्यावर ठाण मांडून बसले होते आणि ६ एप्रिलला झालेल्या गोळीबारात १२ जण गेले. ते आंदोलन भावासाठी होतं. त्याच सुमारास निपाणीत आणखी एक लढा चालू होता, त्याबद्दल माझ्या पिढीला फारसं काही माहीत नाही. तो तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या बायकांचा.

माझी आज्जी त्यातली. लग्न होऊन बोरगावला येण्याआधी आणि नंतरही काही वर्षं ती निपाणीत वखारीत जायची. तंबाखू कुटायची, चाळायची, पाखडायची. त्या कामात जी बारीक धूळ उडते तिला खकाणा म्हणतात. मिरच्या कुटताना घरात ठसका लागतो तसा, पण दिवसभर. तोंडाला लुगड्याचा पदर बांधायचा, एवढंच संरक्षण. आज्जी सांगायची, "घरी आल्यावर भाकरी थापली तरी भाकरीला तंबाखूचा वास याचा. पोरगं अंगावर प्यायला मागायचं, तर आदी आंगुळ करायला लागायची." तिचा खोकला आम्हा नातवंडांना घड्याळासारखा वाटायचा. पहाटे तो सुरू झाला की समजायचं, उठायची वेळ झाली. त्याला कुणी आजार म्हटल्याचं मला आठवत नाही. 'वखारीचा खोकला' असं म्हणून सगळे मोकळे व्हायचे.

या बायकांनी संघटना बांधली. मजुरी, कामाचे तास, मुकादमाची वागणूक, ती धूळ, सगळ्यावर बोलायला सुरुवात केली. कुणाच्याही दृष्टीने ज्या 'असंघटित' होत्या त्या संघटित झाल्या, संपाला उतरल्या, मोर्चे काढले. छाया दातार यांनी या लढ्यावर १९८९ मध्ये इंग्रजीत अख्खं पुस्तक लिहिलं.

आणि त्यावर एक फिल्म आहे. १९८० मध्ये बंगळुरूत 'युगांतर' नावाचा एक गट तयार झाला. दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव आणि कॅमेऱ्यामागे नवरोज काँट्रॅक्टर. त्यांनी आधी पुण्यातल्या मोलकरणींच्या लढ्यावर 'मोलकरीण' केली आणि मग १९८२ मध्ये निपाणीत येऊन 'तंबाखू चाकीला ऊब आली' ही पंचवीस मिनिटांची फिल्म केली. तंबाखू रचून ठेवला की त्यात आतल्या आत ऊब धरते, बाहेरून काही दिसत नाही. त्या नावात ती ऊब आहे. मला विशेष वाटतं ते काम करण्याच्या पद्धतीचं. ही मंडळी कॅमेरा घेऊन आली आणि चार दिवसांत निघून गेली असं झालं नाही. ती कित्येक महिने त्या बायकांचं ऐकत राहिली. काय दाखवायचं, कसं दाखवायचं हे बायकांबरोबर बसून ठरवलं. काही प्रसंग बायकांनी स्वतः पुन्हा करून दाखवले. वखारीच्या आत कॅमेरा गेला आणि ती धूळ पडद्यावर आली. बर्लिनच्या 'आर्सेनल' संस्थेत या फिल्मचं डिजिटल जतन झालंय, त्यामुळे आज ती परत बघता येते.

मी ती पहिल्यांदा पाहिली ती इथे बंगळुरूत, आज्जी गेल्यानंतर. खारघरच्या फलकाच्या जवळपास चाळीस वर्षं आधी आमच्या निपाणीत हवेचा प्रश्न कलेतून मांडला गेला होता. त्याला तेव्हा कुणी 'स्वच्छ हवेची मोहीम' म्हटलं नाही एवढंच. आणि एक फरक फार मोठा आहे. फुफ्फुसाच्या फलकावर माणूस नाही, अवयव आहे. या फिल्ममध्ये ज्यांच्या छातीत धूळ गेली त्याच बोलतात.

माझ्या चुलतभावाची मुलगी दहावीला आहे. तिला मी ही फिल्म आणि फुफ्फुसांचे फोटो दोन्ही पाठवले होते. तिच्या धाकट्या भावाला बाळदमा आहे. हंगाम सुरू झाला की त्याची छाती वाजायला लागते. निपाणीच्या डॉक्टरांनी पंप दिलाय. शेजारपाजारचे मात्र "पंपाची सवय लागती, नगा देऊ" असं वहिनीला दर दोन दिवसांनी सांगून जातात. (लागत नाही. डॉक्टरांनी सांगितलेला इन्हेलर बंद करू नका, हे इथे स्पष्ट लिहितो, कारण हा सल्ला आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही फिरतो.) लंडनमधल्या एला नावाच्या नऊ वर्षांच्या मुलीची गोष्ट तुम्ही वाचली असेल. २०१३ मध्ये ती दम्याने गेली. तिच्या आईने हार सोडली नाही, आणि डिसेंबर २०२० मध्ये तिथल्या कॉरोनरने तिच्या मृत्यूच्या कारणांत हवेचं प्रदूषण लिहिलं. ही गोष्ट मी पुतणीला सांगितली नाही. घरात छाती वाजणारं पोर असताना सांगवली नाही.

पुतणीच्या डोक्यात आलं की आपल्या गल्लीत गणपतीला फुफ्फुसांचा देखावा करायचा. कल्पना झकास. आमच्या भागातली खरी सार्वजनिक कला म्हणजे गणपतीचे देखावेच. थर्माकोलच्या राजवाड्यापासून सजीव देखाव्यापर्यंत सगळं पोरंच करतात, आणि बघायला चार गावं लोटतात. पण एक अडचण होती. गणपती येतात भाद्रपदात. तेव्हा पावसाने हवा धुऊन निघालेली असते, ऊस शेतात उभा, कारखाने बंद. फुफ्फुसं अकरा दिवस पांढरीच राहिली असती आणि विसर्जनाला लोक म्हणाले असते, बघा, आमची हवा फर्स्टक्लास! धूर दाखवायचा तर जानेवारीतच. जानेवारीत ना गणपती, ना वर्गणी.

मग पोरांनी स्वस्तातला मार्ग काढला. निपाणीच्या बाजारातून सोळा पांढऱ्या गांधी टोप्या आणल्या. आमच्याकडे अजून प्रत्येक घरात एक तरी टोपी घालणारा म्हातारा आहे, आणि टोपी मळली की कुणाला कौतुक वाटत नाही. दूध डेअरीच्या समोर दोन खांबांमध्ये सुतळी बांधली आणि ११ जानेवारीला पंधरा टोप्या अडकवल्या. सोळावी प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवली, तुलनेसाठी. रोज संध्याकाळी एक टोपी काढायची, वेगळ्या पिशवीत घालायची, तारीख लिहायची. म्हणजे पहिली टोपी एक दिवस हवेत, शेवटची पंधरा दिवस. ही मांडणी माझी, फोनवरून सांगितलेली. २६ जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर सगळ्या टोप्या ओळीने पुन्हा टांगल्या, सोळाव्या टोपीपासून पंधराव्या दिवसापर्यंत.

रंग बदलला का? बदलला. पण खारघरसारखा काळा नाही, मातकट. निम्मी धूळ रस्त्याची, उसाच्या ट्रॅक्टरांनी उडवलेली. भिंगातून बघितलं की त्यात काळे तुकडे वेगळे दिसत होते, पुतणीने त्याचे फोटो काढून खाली चिकटवले. पंखा नाही, हेपा नाही, त्यामुळे बारीक कणांबद्दल या टोप्या काहीच सांगत नाहीत. तरी पहिल्या टोपीपासून शेवटच्या टोपीपर्यंत चालत गेलं की दर पावलाला एक दिवस पुढे गेल्यासारखं वाटत होतं, हे मी व्हिडिओ कॉलवर बघितलं.

लोकांनी पहिल्यांदा चेष्टाच केली. "कुणाला टोपी घालायलाईसा रं?" हा विनोद दिवसातून वीस वेळा झाला असेल. एकाला वाटलं निवडणुकीचा प्रचार आहे, त्याने कुठल्या पार्टीचा म्हणून चौकशी केली. डेअरीला दूध घालायला येणारे मात्र रोज दोन्ही वेळा त्या सुतळीखालून जात होते. पाचव्या-सहाव्या दिवसापासून ते आपण होऊन विचारू लागले, आज कुठली काढली, दाखव.

सगळ्यात मोठी भर वहिनीने घातली, आणि ती आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातही आली नव्हती. तिने घरातली एक जुनी धुतलेली टोपी मागच्या पडवीत, पाणी तापवायच्या बंबाच्या वर खुंटीला अडकवली. बंबात काय जातं? शेणी, तुऱ्हाट्या, पाचट, पोरांच्या जुन्या वह्या, कधी प्लॅस्टिकसुद्धा. तीन दिवसांत ती टोपी डेअरीसमोरच्या पंधराव्या टोपीच्या पुढे गेली. घरात गॅस आहे, स्वयंपाक गॅसवरच होतो. पण आठ माणसांच्या आंघोळीचं पाणी गॅसवर तापवायला परवडत नाही. ती टोपी वहिनीने २६ तारखेला सगळ्या ओळीच्या शेवटी स्वतः नेऊन टांगली आणि खाली पुतणीकडून लिहून घेतलं, 'घरातली'. तिथे बायकांची गर्दी झाली. पुरुष बाहेरच्या टोप्यांवर बोलत होते, बायका या एका टोपीवर.

आता आण्णा. माझे थोरले चुलते, चार एकर ऊस. पोरांनी सगळं केलं ते त्यांच्याच कट्ट्यावर बसून, पण फड पेटवणाऱ्यांत तेही येतात. टोप्यांची ओळ त्यांनी शांतपणे बघितली आणि म्हणाले, "टोपी काळी झालीया, दिसतंय मला. खरं तोड कवा येणार त्ये सांग की."

शहरात बसून 'शेतकरी ऊस जाळतात' असं म्हणणं सोपं आहे. कारखान्याची तोड वेळेवर आली नाही की ऊस वाळायला लागतो, वजन घटतं. टोळी आली की खुशाली मागते, वाहनवाला एन्ट्री मागतो. ऊस दाट असेल, पडलेला असेल, आत साप-विंचवाची भीती असेल तर तोडणारे म्हणतात, आधी पेटवा. तेही बीड-परळीकडून पोराबाळांसकट आलेले असतात, त्यांची मजुरी टनावर. पाला सोलायचा वेळ वाचला की त्यांना दोन पैसे जास्त. आणि जळक्या उसाच्या वजनात कपात होते ती शेतकऱ्याच्या माथी. म्हणजे आण्णा काडी लावतात ती हौसेने नव्हे. धूर मात्र गावावरच पसरतो, आण्णांच्या नातवाच्या छातीवरही.

खारघर-चंद्रपूरच्या फलकाकडे बोट दाखवायला कारखाना होता, मंडळ होतं, मंत्रालय होतं. आमच्या टोप्यांसमोर उभं राहून बोट दाखवायचं कुणाकडे? निम्मं आपल्याच घराकडे जातं. मला वाटतं, म्हणूनच शहरातला फलक उचलून गावात लावला तर तो चालणार नाही. तिथे तो सरकारला जाब विचारतो. इथे तो शेजाऱ्याला चिडवल्यासारखा होईल, आणि शेजाऱ्याशी उद्या पाण्याच्या पाळीसाठी बोलायचं असतं.

फड पेटवण्यावर पोरांकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नाही. तोडीच्या यादीत पारदर्शकता यावी, कुणाचा नंबर कधी हे शेतकऱ्याला मोबाइलवर दिसावं, एवढं मी सॉफ्टवेअरवाला म्हणून म्हणू शकतो, पण ते कारखान्यांच्या हातात आहे. तोडणीनंतर शेतात उरणाऱ्या पाचटाचं मात्र वेगळं. ते पेटवायला कुणी टोळी सांगत नाही. एकरी तीन-चार टन पाचट निघतं. जाळलं की दोन तासांत राख. ठेवलं, सरीआड दाबलं, त्यावर थोडा युरिया आणि जिवाणू कल्चर टाकलं की खोडव्याला खत होतं, पाण्याची पाळी लांबते, तण कमी येतं. हे कृषी खातं कित्येक वर्षं सांगतंय. आण्णांचं म्हणणं, उंदीर होतात, पाणी पुढे सरकत नाही, फुटवा दबतो. यावर आठवडाभर जेवताना वाद झाला. शेवटी पुतणीनेच तोडगा काढला, चारपैकी एक एकर न जाळता ठेवा आणि खोडव्याचं वजन वेगळं करा. तोडीच्या पावत्या वेगळ्या ठेवायच्या. आण्णा कबूल झाले. बहुतेक नातीला गप्प करायला, पण झाले. तो खोडवा आता शेतात उभा आहे. वजन पुढच्या हंगामातच कळेल.

दरम्यान पोरांना खरी फुफ्फुसं करायची आहेत, पंख्यावाली. मी इथून हेपाचं कापड पाठवणार आहे. चौकट गावातला वेल्डर करून देतोय, पंखे जुन्या कूलरचे मिळालेत, पाचट जाळण्याच्या दिवसांत महिनाभर ती डेअरीसमोर ठेवायची असं ठरलंय. मंडळातल्या कुणाला खर्चात वाटा उचलायचा असेल तर मला सांगा, रक्कम फार नाही. फुफ्फुसांच्या शेजारी बंबाची टोपी टांगायचीच, यावर वहिनी ठाम आहे. अडलंय एकाच गोष्टीवर. दोन पंखे महिनाभर रात्रंदिवस चालणार, त्याची वीज कुणाच्या मीटरवरून घ्यायची? डेअरीचे चेअरमन म्हणतात मीटिंगमध्ये ठेवू. आण्णा म्हणतात माझ्या घरातनं वायर वढा, खरं बिल पोरानं बंगळूरातनं भरायचं.